खंडेनवमीला पुजलेली करवत

अडाजण, सुरत
१४ डिसेंबर

ती. रघुनाथदादा यांस,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच, उरलेला तू मनाने धरून घे.) स्वातीवहिनीचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना आधी कुठला पाय टाकायचा हे तिला आता पाठ झालं असेल. तुझ्या कानाचं यंत्र तू लावतोस की अजून डबीतच ठेवतोस? हा सगळा मजकूर मी फोनवर सांगू शकले असते, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस. चौतीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवल्यामुळे समोरचा बोलायला लागला की तो चुकणार आहे हे तू धरूनच चालतोस. पत्रात तुला अडवता येणार नाही, म्हणून पत्र.

हे आभाराचं पत्र आहे. भुसावळला कॉन्व्हेंटमध्ये आमच्या शिवणाच्या सिस्टर सांगायच्या की आभाराचं पत्र आठ दिवसांत गेलं नाही तर ते माफीचं पत्र होतं. तुझी यादी मला ऑगस्टमध्ये मिळाली, तेव्हा आता हे काय झालं आहे ते तूच ठरव. पण आभार खरे आहेत. चौसष्टाव्या वर्षी बहिणीने 'मला सुतारकाम करायचं आहे, कुठली यंत्रं घेऊ' असं विचारल्यावर न हसता फूलस्केपची तीन पानं लिहून पाठवणारा भाऊ मला मिळाला, हे मी चारचौघींत सांगते. प्रत्येक यंत्राचं पेन्सिलीने काढलेलं चित्र, बाजूला बाण, बाणावर 'इथे बोट नको'. पहिलं ड्रिल घे, महिनाभर वापर. मग वळणदार कापायला हातात धरायची छोटी जिगसॉ. मग घासायचं यंत्र. लाकूड धरून ठेवायला चार शिकंजे. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी लाल शाईत दोनदा अधोरेखित : 'टेबलात बसवलेली मोठी गोल करवत : नको.' इतकं स्पष्ट कुणी सांगितल्यावर माणसाने काय करावं हे उघड आहे. आम्ही काय केलं ते आता सांगते.

आधी हे कशासाठी, ते सांगायला हवं, कारण ते मी तुला अर्धवटच कळवलं होतं. आमच्याकडे एकोणीस वर्षं स्वयंपाकाला येणारी रुक्मिणी तुला आठवत असेल (तू मागे आलास तेव्हा कळण्याची भाकरी तिच्याच हातची होती, आणि तू माझी समजून माझं कौतुक केलंस, मी ते घेतलं). तिची कविता यंदा बारावी सायन्सला आहे. डिंडोलीला त्यांची एक खोली. खोलीत एक पलंग, आणि त्यावर लेस लावायला आणलेल्या साड्यांचा ढीग, कारण दुपारनंतर रुक्मिणी ते काम करते. कविता उरलेल्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन मांडीवर वही ठेवून अभ्यास करायची. पहिल्या चाचणीत फिजिक्समध्ये ती जेमतेम काठावर आली, आणि रुक्मिणीने माझ्या ओट्याशी उभं राहून शांतपणे सांगितलं की जानेवारीच्या परीक्षेतही असंच झालं तर पोरगी साड्यांना बसेल, बोर्डाची फी भरण्यात अर्थ नाही. तिचं चूक होतं असं मी म्हणत नाही, ती हिशेबाने वागणारी बाई आहे. पण मी शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं आहे आणि मांडीवर लिहिलेलं अक्षर मला ओळखू येतं. मी म्हणून गेले, की दिवाळीपर्यंत मी तिला भिंतीला लागणारं, घडीचं टेबल करून देते. विकत आणून देते म्हटलं असतं तर रुक्मिणीने घेतलं नसतं. 'करून देते' म्हटल्यावर तिला नकाराचं कारण सुचेना. मलाही ते कसं करायचं हे सुचेना, म्हणून तुला पत्र.

तर भागळकडे एक मोठं हत्यारांचं दुकान आहे. दुकान चंचलबेन चालवतात. पासष्टीच्या असतील, पांढरी साडी, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावर लाकडाचा भुसा. मी आणि वसंतराव यादी घेऊन गेलो. (तू म्हणतोस म्हणून मीही पत्रात वसंतराव लिहिते, घरात नुसतं 'अहो'.) ड्रिल घेतलं. चंचलबेनने यादी वाचून लिहिणाऱ्याला माझा नमस्कार सांगा असं सांगितलं, तो इथे पोचवते. मग जिगसॉ काढायला त्या आत गेल्या आणि परत येता येता, केवळ कौतुकाने, कोपऱ्यातलं ते मोठं यंत्र चालू करून सागाचा एक तुकडा त्यातून सरकवला. दादा, तो काप मी हातात घेतला. बर्फीची वडी पडावी तसा. आणि त्याला जो वास आला त्याने मी सरळ पन्नास वर्षं मागे गेले. आमच्या कॉन्व्हेंटच्या मागच्या भिंतीपलीकडे तुमच्या रेल्वे शाळेचा सुतारकामाचा वर्ग होता. मंगळवारी दुपारी आम्ही पस्तीस मुली टेबलक्लॉथच्या कडेला गुलाब भरत बसायचो, आणि भिंतीवरून हाच वास यायचा. मी एकदा सिस्टरना विचारलं होतं की आम्हाला तिकडे का नाही पाठवत. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तिकडे फार धूळ असते. मी आयुष्यभर खडूच्या धुळीत काढलं, हे त्यांना कळलं नाही ते बरं.

चंचलबेनची यात काही चूक नाही, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. त्यांनी स्वच्छ विचारलं, "बेन, जग्या केटली छे?" वसंतरावांनी बाल्कनी मोठी आहे असं सांगितलं. त्या पुन्हा म्हणाल्या की याला जागा फार लागते. तेव्हा मी, शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी ज्या आवाजात बोलायचे त्या आवाजात, आम्ही मोजमाप केलेलं आहे असं म्हटलं. केलेलंही होतं. वसंतरावांनी तिथल्या तिथे टेप लावून यंत्र मोजलं, घरी फोन करून रुक्मिणीकडून बाल्कनी मोजून घेतली, आणि यंत्र बाल्कनीत सहज बसत होतं. चंचलबेनने तरीही सात दिवसांची मुदत दिली : वापरू नका, लावून बघा, नाही जमलं तर परत आणा, मी बदलून देईन. असं कोण सांगतं आजकाल?

यंत्र संध्याकाळी आलं. चौघांनी चौथ्या मजल्यावर चढवलं, कारण ते लिफ्टमध्ये मावत होतं पण लिफ्टला ते मान्य नव्हतं. रुक्मिणी दुसऱ्या दिवशी आली, कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली आणि बादली तिथेच ठेवून माझ्याकडे आली. "बाई, हाई मशीन नही, म्हैस शे. हिले बांधानं कोठे?" मी तिला म्हटलं, बांधलेलीच आहे. आणि इथे मी ती गोष्ट केली जी मी वसंतरावांवर ढकलू शकले असते, पण ढकलत नाही. तो दिवस खंडेनवमीचा होता. बाबांच्या लोको शेडमध्ये खंडेनवमीला इंजिनाच्या कपाळाला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू, आणि त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावायचा नाही, तुला आठवतं ना? आपल्याला वर्षातून तेवढ्या एका दिवशी शेडमध्ये सोडायचे. माझ्या घरात आयुष्यात पहिल्यांदा पुजण्यासारखं हत्यार आलं होतं. (तोवर आम्ही दरवर्षी वसंतरावांचं पेन आणि माझी शिवणाची कात्री पुजत होतो.) मी देव्हाऱ्यातून ताम्हन आणलं. पात्यावर स्वस्तिक काढलं, झाकणाला नाडा बांधला, झेंडू, अक्षता, उदबत्ती, सगळं. वसंतरावांनी नारळ यंत्राच्याच कोपऱ्यावर फोडला. नारळ फुटला आणि कोपऱ्यालाही पोचा आला, पण त्या क्षणी आम्हाला दोन्ही शुभच वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कविताच्या टेबलासाठी आणलेली प्लायची फळी घेऊन आम्ही यंत्रासमोर उभे राहिलो, आणि तुझ्या यादीचं तिसरं पान त्या दिवशी प्रथम वाचलं. तिथे तू लिहिलं आहेस की यंत्राची नव्हे, लाकडाची जागा मोजावी. जेवढी फळी पुढे, तेवढीच मागे. आमची फळी आठ फुटांची. ती करवतीत घालायची तर मला बेडरूममध्ये, कपाटाला पाठ लावून, पलंगावर उभं राहायला हवं होतं, आणि कापलेली बाजू बाल्कनीच्या कठड्यावरून चार फूट बाहेर जाऊन शेजारच्या विंगमधल्या लोणच्याच्या बरण्यांवर थांबली असती. आम्ही चालू न करताच तालीम करून पाहिली. वसंतराव बाल्कनीतून ओरडून 'ये, ये, ये' म्हणत होते, जसं टेम्पो मागे घेताना म्हणतात. मग त्यांनी टेप गुंडाळून खिशात घातला. मी पलंगावरून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाचव्या दिवशी, अजून मुदतीत होतो. यंत्र पुन्हा चौघांनी उतरवलं आणि आम्ही भागळला नेलं. चंचलबेनने खोकं उघडलं. आत कुंकू, हळद, सुकलेला झेंडू. त्यांनी आधी चपला काढल्या, यंत्राला हात जोडले, मग तो पोचा बोटाने चाचपला आणि मान हलवली.

"बेन, आ गोबो तो चाले. पण पूजा करेली वस्तु पाछी ना लेवाय."

पोचा चालेल, पण पूजा झालेली वस्तू परत घेता येत नाही. मी म्हटलं, पुसून देते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी ते वाक्य परत घेतलं. त्यांनी समजावलं, अगदी माझ्या मोठ्या जावेसारखं : तुम्ही घरी बोलावून तिला मान दिलात, आता ती तुमच्या घरची, मी ती परत घेऊन दुसऱ्याला विकली तर तुमचंही बरं नाही आणि त्याचंही. त्यांच्या दुकानात हा नियम त्यांच्या सासऱ्यांपासून चालत आला आहे. मला राग यायला हवा होता, पण दादा, खरं सांगते, मला बरंच वाटलं. आमच्या पूजेला आमच्यापेक्षा जास्त किंमत देणारं कुणीतरी भेटलं. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि यंत्र पुन्हा टेम्पोत चढवून दिलं. घरी येईपर्यंत वसंतराव एकच वाक्य बोलले. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पेनच पुजू."

दिवाळी दहा दिवसांवर आली. फळी बेडरूमच्या भिंतीला उभी, करवत बाल्कनीत, धुतलेले कपडे सोफ्यावर, आणि रुक्मिणी माझ्यासमोरच त्यांच्या घड्या घालत होती. ती बोलत असती तर बरं झालं असतं. कविता मात्र एकदा येऊन गेली. टेबलाचं काय झालं हे तिने विचारलं नाही. ती बाल्कनीत गेली, करवतीच्या लोखंडी पाटावर वही ठेवून उभ्या उभ्या दोन गणितं सोडवली आणि म्हणाली, टीचर, उंची बरोबर आहे. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच डबे पुसले. त्या दिवशी मी रागाने यंत्र चालूही केलं, स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगला वायर जोडून, फक्त चालतं का ते पाहायला. चालतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर पुढच्या पाच मिनिटांत एकोणतीस निरोप आले. त्यातल्या एकाने भूकंप कुठे आहे असं विचारलं होतं.

शेवटी रुक्मिणीनेच तिच्या नवऱ्याला, रामदासला, पाठवलं. तो कडोदऱ्याला एका कापडाच्या कारखान्यात मागांचा फिटर आहे. मोजकं बोलतो. त्याने यंत्राभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पट्टा पाहिला, पातं बोटाने नव्हे तर पेन्सिलीने फिरवलं (तुला तो फार आवडेल), आणि निकाल दिला, "म्याडम, मशीन चांगलं शे. जागा चुकनी." दुसऱ्या दिवशी तो शेठना विचारून टेम्पो घेऊन आला आणि करवत कडोदऱ्याला गेली. कारखान्याच्या मागच्या बाजूला, सूत गुंडाळायच्या रिकाम्या बिमांशेजारी, पुढे-मागे वीस-वीस फूट मोकळी जागा. फळीही त्याच टेम्पोत, मी मागोमाग रिक्षाने.

तिथे आत पाऊल टाकल्यावर मला कळलं की आमची सोसायटी किती लाडावलेली आहे. शंभर माग एकदम चालू होते. रामदासने करवतीचं बटण दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही. चौथा मजला हादरवणारं ते यंत्र तिथे मांजरासारखं बसलं होतं; चालू आहे की नाही ते कळायला पाटाच्या कडेला हात ठेवून थरथर पाहावी लागत होती. त्याने आधी माझी ओढणी काढून खुंटीला लावायला लावली, मग बांगड्या, मग घड्याळ. फळी पुढे ढकलायला एक दांडकं करून दिलं. मी त्याला ओरडून विचारलं की इतकं सगळं लागतं का. त्याने मला दोन्ही पंजे उघडून दाखवले. "वीस वरीस व्हयनात. दहाबी बोटे शेतस." तुझी तीन पानं त्याने एका वाक्यात सांगितली, तरी तुझी चित्रं जास्त छान आहेत.

दादा, पहिला काप मी घेतला. वाकडा आला. दुसरा बरा आला. तिसरा असा आला की रामदासने मान डोलावली, आणि मग मागांवरची दोन माणसं येऊन बघून गेली. मला तेव्हा तू आठवलास. क्वार्टर्सच्या मागे तू एकदा करवतीचं दुसरं टोक मला धरू दिलं होतंस, आणि आईने पाहिल्यावर 'मीच जबरदस्तीने धरायला लावलं' असं सांगून मार खाल्ला होतास. मी त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. थॅंक यू, दादा. मराठीत हे कसं म्हणतात ते मला येतं, पण तेव्हा जी मी होते ती असंच म्हणाली असती.

टेबल भाऊबीजेला लागलं. बिजागऱ्या रामदासने बसवल्या, भिंतीत भोकं मी पाडली. आणि मग आमची खरी चूक उघडी पडली. डिंडोलीच्या त्या खोलीचं दार दिवसभर उघडंच असतं, त्यावर पडदा. भिंत मोजायला आम्ही दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा दार उघडं आणि पडदा सारलेला पाहिला. ते बंद होताना आत केवढी जागा घेतं हे कुणीच पाहिलं नाही. टेबलाची फळी खाली आडवी केली की ती नेमकी दाराच्या वाटेत येते. म्हणजे दार उघडं असताना टेबल उघडलं तर दार लागत नाही, आणि दार लावून टेबल उघडलं तर ते टेबल मिटेपर्यंत बाहेरून कुणाला आत येता येत नाही. आम्ही चौघं त्या टेबलाकडे पाहत उभे राहिलो. रामदास म्हणाला की आठ इंच सरकवतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात कविताने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि आतून टेबलाची फळी आडवी केल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज.

"पप्पा, सरकवू नका."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी सहा ते नऊ आत असते. पहिल्या दिवशी रुक्मिणीने दोनदा दार वाजवलं, एकदा मिठासाठी आणि एकदा उगाच. आतून उत्तर आलं, टेबलावर पुस्तकं मांडली आहेत. मागच्या आठवड्यात मी सांजेला डिंडोलीला गेले होते. रुक्मिणी बाहेर पायरीवर बसली होती, मांडीवर साडी, गल्लीतल्या दिव्याखाली लेस लावत. शेजारीण काहीतरी मागायला आली तर तिने तिला हाताने थांबवलं, तोंडावर बोट ठेवलं आणि दाराकडे मान केली. मला पाहून सरकून जागा दिली. मी बसले. आम्ही दोघी कुजबुजत बोललो. तिने मला सांगितलं की बोर्डाची फी भरली. कधी, असं मी विचारलं नाही.

तर दादा, तुझी यादी मी पाळली नाही, आणि तिच्यावाचून यातलं काहीच झालं नसतं. दोन्ही खरं आहे. वहिनीला माझा नमस्कार, तुला पुन्हा एकदा, कमरेच्या परवानगीने.

तुझी आभारी आणि थोडी बेशिस्त,
अरुणा

ता. क. : काल चंचलबेनचा फोन आला. त्यांना हे प्रकरण डाचत होतं, म्हणून त्यांनी आपल्या महाराजांना विचारलं. महाराज म्हणाले की पुन्हा एकदा छोटी पूजा करून तिला निरोप देता येतो, तेव्हा त्या करवत बदलून द्यायला तयार आहेत. मी त्यांना सांगितलं की आमच्या घरची आहे, आम्ही देत नाही. त्या खूप वेळ हसत होत्या.

ता. क. २ : वर मी सगळं सांगितलं असं मला वाटलं होतं, पण मुख्य राहिलं. कविताच्या गल्लीत बारावी आणि दहावीची अजून सात मुलं आहेत. सातही आयांनी टेबलासाठी नाव दिलं आहे, आणि सातही जणींनी बजावून सांगितलं आहे की तसंच हवं, दार अडवणारं. बोर्डाच्या परीक्षेआधी सात टेबलं द्यायचा शब्द मी देऊन बसले आहे. रामदासला मागांवरून तेवढी सुट्टी मिळत नाही. मला सरळ काप अजून तीनातला एक येतो. तेव्हा तू दीड-दोन महिने इकडे यावंस. दहा बोटं असलेला आणि न बोलता थांबू न शकणारा माणूस हवा आहे; मागांच्या आवाजात तुझ्या बोलण्याचा कुणाला त्रास होणार नाही.

ता. क. ३ : विचार करायला वेळ घे, घाई नाही. फक्त एवढंच, की हे पत्र टाकण्यापूर्वी मी ते स्वातीवहिनीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली की तू आंघोळीला गेला आहेस, तेवढ्यात तिने दोघांच्या बॅगा काढल्या, आणि वसंतरावांनी शुक्रवारच्या गाडीची तुमची तिकिटं काढून तिच्या मोबाइलवर पाठवली आहेत. यावर तुझं काय म्हणणं असेल ते सविस्तर पत्राने कळव. ते इथे पोचेल तेव्हा दार उघडून पोस्टमनकडून तूच घेशील.